दादाची बोर्डोची बाटली

आमच्या घरी बोर्डो म्हणजे औषध. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून द्राक्षांवर मारायचं निळं औषध. पाऊस लांबला, पानांवर डाग दिसायला लागले, की वडील सकाळी उठल्या उठल्या म्हणायचे, "आज बोर्डो मारायला पायजे." आमच्या शाळेच्या कपड्यांवरसुद्धा त्याचे निळे डाग असायचे. त्यामुळे माझा मोठा भाऊ शेतकी कॉलेजातून एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "आप्पा, मी द्राक्षतोडणीला तीन महिने बोर्डोला चाललोय," तेव्हा आप्पा हातातला चहा खाली न ठेवता म्हणाले, "औषध आनाया येवढ्या लांब कशाला? हडपसरात मिळतंय की."

बोर्डो नावाचं गाव आहे, ते फ्रान्समध्ये आहे आणि ते औषध तिथल्याच बागांमध्ये पहिल्यांदा मारलं गेलं, हे आम्हाला तेव्हा दादाकडून कळलं.

आमची बाग हडपसरच्या पुढे, मांजरीच्या वाटेला होती. चार एकर, सगळी थॉमसन जातीची द्राक्षं, मधोमध विहीर. आज तिथे बावीस मजली इमारती आहेत. दादाच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी ओळखीतून ही तोडणीची सोय लावून दिली होती. राहायला जागा, दोन वेळचं जेवण आणि काम. मी तेव्हा डी.एड. करत होते. दादा बावीस वर्षांचा होता आणि त्याआधी मुंबईच्या पलीकडे कुठे गेलेला नव्हता.

तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याची नखं जांभळी होती. ती पुढे कितीतरी दिवस तशीच राहिली. संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून तो मला तिथलं सांगायचा. आप्पा जवळच काहीतरी करत असायचे, ऐकत नसल्यासारखे.

तिथल्या वेली गुडघ्याएवढ्या असतात, मांडव नसतो, असं दादा म्हणाला. जमीन तर अशी की नुसते गोटे. असल्या रानात आप्पांनी कडबासुद्धा टाकला नसता. आणि पाणी देतच नाहीत. वेलीला तहान लागली पाहिजे, म्हणजे ती मुळं खाली खाली नेते, असं तिथला मालक म्हणायचा. मालक म्हणजे सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा. त्याला इंग्रजी जेमतेम, दादाला फ्रेंच त्याहून जेमतेम. दोघांचं बोलणं हातवाऱ्यांनी चालायचं. तो दादाला रोज काम संपल्यावर तळघरात न्यायचा. तिथे भिंतींवर काळी बुरशी मखमलीसारखी चढलेली, आणि कोनाड्यांत प्रत्येक वर्षाची एक एक बाटली आडवी ठेवलेली. काही कोनाडे रिकामे. म्हातारा रिकाम्या कोनाड्यावर बोट ठेवून सांगायचा, हे गारपिटीचं वर्ष. हे लढाईचं, तेव्हा बाटल्या लपवायला वडिलांनी मध्ये भिंत घातली होती. सात पिढ्या एकाच घराण्याकडे ती बाग होती.

"वर्षातनं एकदाच छाटनी?" आप्पांनी एकदा न राहवून विचारलं. आमच्याकडे दोनदा होते, एप्रिलात आणि ऑक्टोबरात. "मंग बाकीचं वर्ष ते करत्यात काय?"

"वाट बघतात, आप्पा."

"वाट बगायला जमीन कशाला लागती? ती तर बसस्टॉपवर बी बगता येती."

पण दादाने म्हाताऱ्याच्या पणजीची गोष्ट सांगितली तेव्हा आप्पा हातातलं काम सोडून आमच्याजवळ येऊन बसले. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मुळं खाणारा एक किडा त्या मुलखात आला आणि एकूण एक बागा मेल्या. त्या बाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला. लोक बागा सोडून शहरात गेले. हिने अमेरिकेतून त्या किड्याला दाद न देणाऱ्या रानटी वेलींचे खुंट मागवले, त्यांच्यावर आपल्या वेलींची कलमं बांधली आणि सगळी बाग नव्याने उभी केली. फळ धरेपर्यंत चार वर्षं तिने भाजी विकून घर चालवलं.

आप्पांनी हातांची माती झटकली. मग म्हणाले, "खुंट कुठला वापरला हुता?"

दादाला ते माहीत नव्हतं.

"इचारायचं न्हाई व्हय? बाई हुशार हुती." आणि उठून गेले.

दोन वर्षांनी बाटली आली. दादाने तोडलेल्या द्राक्षांची ती वाइन पिंपात मुरून, बाटलीत भरून झाल्यावर म्हाताऱ्याने आठवणीने पाठवली होती. पुण्यातल्या एका कारखान्यात कामाला येणाऱ्या एका फ्रेंच इंजिनिअरच्या सामानातून. तिच्यावरच्या कागदावर एका दगडी बुरुजाचं चित्र होतं. सोबत मोडक्या इंग्रजीत चिठ्ठी होती. वीस वर्षं उघडू नकोस, तीस थांबलास तर चांगलं, चाळीस थांबू नकोस.

घरात ठेवायची सोय नव्हती. आप्पा माळकरी. आमच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा दारूचा वास नाही ना हे बघूनच यायचं. दादाने विचार केला की पुण्यात वर्षभर गार आणि काळोखी जागा कुठली, आणि बाटली गोणपाटात गुंडाळून विहिरीत नेऊन ठेवली. विहिरीला आतून पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या बाजूला, पाण्याच्या बऱ्याच वर, दगडात एक खोल कोनाडा होता. तिथे आडवी. मला एकटीला सांगितलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मोटार बिघडली म्हणून आप्पा खाली उतरले आणि बाटली घेऊनच वर आले. मी अंगणात ज्वारी निवडत होते. दादा समोर उभा.

"हे काय हाय?"

"बोर्डोचं आहे, आप्पा."

"औषध न्हवं ना पन."

"नाही."

आप्पांनी बाटली उन्हात धरून पाहिली. मला वाटलं, आता फोडणार. ते म्हणाले, "ह्यातली द्राक्षं तू तोडली?"

"हो."

"त्या म्हाताऱ्यानं आठवनीनं धाडली?"

"हो."

"मंग ऱ्हाऊ दे. ज्याच्या हातची वस्तू हाय त्याचा अपमान नगं. पर घरात आनायची न्हाई. आन उन्हात कशाला धरून उबा केलाय मला, नासंल ना ती." आणि स्वतः परत खाली जाऊन ठेवून आले. त्यानंतर मोटारीसाठी खाली उतरले की ते बाटली बघून यायचे. वर आल्यावर दादाला नुसतं म्हणायचे, "हाय जाग्यावर."

दादाने मग विहिरीच्या वरच्या अंगाला काळ्या द्राक्षांच्या दोन ओळी लावल्या. त्याच्या ओळखीच्या एका शास्त्रज्ञांनी कलमं दिली होती. पहिल्या वर्षी काचेच्या बरणीत केलेल्या वाइनचा व्हिनेगर झाला. वहिनी तेव्हा नवीनच लग्न होऊन आल्या होत्या. त्यांनी तो भांडी घासायला वापरला आणि दादाला सांगितलं, "अहो, तांब्या लख्ख निघतोय. दरवर्षी करत चला." दुसऱ्या वर्षीची जरा बरी झाली. दादाचं ठरलेलं होतं की आपल्या बागेतली पिण्याच्या लायकीची झाली की म्हाताऱ्याची बाटली उघडायची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून चव बघायची आणि म्हाताऱ्याला पत्र लिहायचं.

ते झालं नाही, आणि त्याला कारण मी आहे. निदान वीस वर्षं मी तसंच समजत होते.

आप्पा गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. सातबाऱ्यावर दादाचं आणि माझं, दोघांची नावं लागली. आमच्याकडे बहिणीने हक्क सोडायचा, साडी-चोळी घ्यायची, अशी रीत. मीही तेच करणार होते. पण त्याच सुमारास माझ्या यजमानांची कंपनी बंद पडली. मुलगा नववीला. आम्ही वाघोलीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि माझ्या एकटीच्या शिक्षिकेच्या पगारावर घर चालेना. मांजरीच्या बाजूला तेव्हा एकेक बाग जात होती. बिल्डरचा माणूस दादाकडे न जाता आधी माझ्याकडेच आला. त्याला सगळी माहिती होती. कुणाच्या घरात काय अडलंय हे त्या लोकांना बरोबर कळतं.

मी दादाकडे गेले. तो मांडवाखाली घड विरळत होता. मी म्हटलं, "दादा, मला माझा वाटा लागेल."

त्याने कात्री थांबवली नाही. "अर्धी बाग कशी वेगळी काढणार? विहीर एक आहे."

"सगळीच घेतो म्हणतायत ते."

त्याने आणखी दोन घड विरळले. मग तो म्हणाला, "तुझी सही आधी होऊ दे. तू केलीस की मी करतो. मी अडवणार नाही."

एवढंच. रागावला नाही, भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढे किती वेळा वाटलं असेल. मी सही केली. मग त्याने केली.

विहीर बुजवायच्या आदल्या दिवशी दादाने फोन केला, "उद्या डंपर येणार आहेत. येतेस का?" मी शाळेत तपासणी आहे म्हणून सांगितलं. तपासणी नव्हती. पुढे वहिनींनी सांगितलं की दादा शेवटचा पायऱ्या उतरला, बाटली काढून पोटाशी धरून वर आला आणि दिवसभर ती मांडीवर घेऊन लिंबाखाली बसून राहिला. मुरूम पडत होता तिकडे पाठ करून.

त्याच जागेवरच्या इमारतीत दादाला सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. बाटलीसाठी त्याने एक छोटा फ्रिज घेतला आणि झोपायच्या खोलीत ठेवला. आत दुसरं काही नाही, एकटी बाटली. वहिनी पाहुण्यांना घर दाखवताना म्हणायच्या, "ही आमची सवत. हिला एसी, मला पंखा."

दादा नंतर एका नर्सरीत जायचा, लोकांच्या बाल्कन्यांसाठी कुंड्या करून द्यायचा. कधी कुणी जमिनीचा विषय काढला की एकच वाक्य म्हणायचा, "त्यांनी सात पिढ्या राखली. आपल्याला एक पिढी राखता आली नाही." हे बोलताना तो कधी माझ्याकडे बघायचा नाही. मला तेच जास्त लागायचं. दर भाऊबीजेला मी ओवाळायला जायचे, फ्रिजचा बारीक आवाज ऐकत जेवायचे आणि परत यायचे. जमिनीचं आम्ही दोघं कधी बोललो नाही.

कोरोनात दादा आणि वहिनी दोघंही आजारी पडले. वहिनी घरीच बऱ्या झाल्या. दादा अकरा दिवस दवाखान्यात होता. घरी आल्यावर आठवड्याने एका सकाळी वहिनी आंघोळीला गेल्या असताना गॅसवरचं दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं झालं. दादा दोन हातांवर पेपर वाचत बसला होता. त्याला कळलंच नाही. वास गेला होता.

सगळ्यांचा परत येतो, तुमचाही येईल, असं डॉक्टर म्हणाले. वासाचा व्यायाम असतो म्हणे. वहिनींनी चार डब्या करून ठेवल्या. लवंग, लिंबाची साल, कापूर, कॉफी. दादा रोज सकाळी देवपूजेसारखा बसायचा, एकेक डबी उघडून नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा. वहिनी विचारायच्या, "अहो, आलं का काही?" तो मान हलवायचा. वर्ष गेलं, दुसरं गेलं. एकदा मी तिथे असताना त्याने कापराची डबी हुंगून "लवंग" म्हटलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि "बरोबर" म्हणाल्या. मग डॉक्टरही म्हणाले की आता फारशी आशा धरू नका.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात फ्रिज बंद पडला. वहिनींच्या माहेरी लग्न होतं, दोघं चार दिवस तिकडे. परत आले तर फ्रिज गरम. दुरुस्त केला, पण डिसेंबरात दादाच्या लक्षात आलं की बुचाच्या खालून एक तांबडा ओघळ आलाय.

त्याचा फोन आला. "बाटली पाझरायला लागली. आता ठेवून उपयोग नाही. रविवारी दुपारी ये."

"मी येऊन काय करू? मी काही पीत नाही."

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "कुणाला तरी यायला पाहिजे ना."

मी गेले. दादाने बाटली दोन दिवस आधीपासून टेबलावर उभी करून ठेवली होती, गाळ तळाला बसावा म्हणून. फ्रान्सहून आणलेला एक पातळ काचेचा पेला होता, तोही पुसून ठेवलेला. वहिनींनी दोन स्टीलची फुलपात्रं आणून ठेवली आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं सांभाळली ती सवत. तिचं तोंड मीही बघणार."

बूच निम्म्यात तुटलं. दादाने बारीक सुरी घेतली. उरलेलं बूच त्याने कसंबसं काढलं. वहिनींनी मलमलचं स्वच्छ फडकं दिलं, त्यातून गाळून घ्यावी म्हणून, पण दादा नको म्हणाला. त्याने मोबाइलचा टॉर्च लावून मला बाटलीच्या मानेखाली धरायला सांगितला आणि अगदी हळूहळू, बाटली न हलवता, वाइन एका काचेच्या भांड्यात ओतली. टॉर्चच्या उजेडात काळा गाळ मानेपर्यंत सरकत आलेला दिसला, तिथे तो थांबला.

पेल्यात जो रंग उतरला तो मी कधी पाहिला नव्हता. मध्ये डाळिंबाच्या सालीसारखा, कडेला विटकरी.

"घे," दादा म्हणाला. "आधी नुसता वास."

मी पेला नाकाशी नेला. मला काही कळलं नाही. "दारूसारखा येतोय," मी म्हटलं.

"दारूचा तू कधी घेतलायस?"

"नाही."

"मग दारूसारखा कशावरून?" पुणेरी मास्तरासारखा म्हणाला. "ठेव खाली. ती पस्तीसएक वर्षं कोंडून बसली आहे, तिला जरा श्वास घेऊ दे. म्हातारा म्हणायचा, जुनी वाइन म्हातारं माणूस असते. झोपेतून उठल्या उठल्या बोलत नाही."

आम्ही पंधरा मिनिटं बसून राहिलो. खाली सोसायटीत मुलं क्रिकेट खेळत होती. मग त्याने मला पेला देठाशी धरून गोल फिरवायला शिकवलं आणि परत वास घ्यायला सांगितलं.

या वेळी काहीतरी होतं. मी डोळे मिटले. "पाला," मी म्हटलं. "छाटणीनंतर बांधाला रचलेला पाला पावसात भिजतो ना, तसा. ओला, पण कुजलेला नाही."

"पुढे?"

"थांब ना." मी परत घेतला. "फळ आहे काहीतरी. ताजं नाही. करवंद सुकलं तर कसं येईल, तसं." दादाचे डोळे माझ्या तोंडावर होते. तहानलेलं माणूस दुसऱ्याला पाणी पिताना बघतं तसा तो बघत होता. मला एकदम भीती वाटली की आपण चुकीचं सांगू. मी पुन्हा पुन्हा वास घेत राहिले. "तपकीर. आप्पांच्या डबीत असायची तशी, पण लांबून. आणि अजून एक आहे, दादा, ते मला रोजचं माहितीये, पण शब्द येत नाहीये."

"सावकाश."

"पेन्सिल," मी म्हटलं. "पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तो. वर्गात येतो तो वास."

दादाने तोंडावर हात धरला. थोड्या वेळाने म्हणाला, "पेन्सिलच. म्हातारा कानावरची पेन्सिल काढून मला दाखवायचा. हा वास आला तर समज की आमच्या बागेची आहे. मला तेव्हा येत होता." मग त्याने माझ्या हातातून पेला घेतला, एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. "मला नुसती आंबट लागते. आणि तुरट, आवळ्यासारखी." त्याने पेला परत माझ्यापुढे ठेवला. "तू पी. चांगली आहे का गं?"

मी आयुष्यात पहिला घोट घेतला. मला वाइनमधलं काय कळतंय. पण जिभेवर ती जड नव्हती, आणि गिळल्यावर जात नव्हती. कितीतरी वेळ तोंडात काहीतरी उरत होतं, एखादं माणूस उठून गेल्यावर त्याची गादी कोमट राहते तसं.

"चांगली आहे, दादा," मी म्हटलं. "फार चांगली आहे."

तो रडायला लागला. साठी उलटलेला माणूस, आवाज न करता. वहिनी उठून त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, खांद्यावर हात ठेवून. आणि मला एवढ्या वर्षांचं एकदम बाहेर पडलं. मी म्हटलं, "दादा, मी सही करायला नको होती. तुझी बाग माझ्यामुळे गेली. मला माफ कर."

त्याने डोळे पुसले. वहिनींकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "तुझ्यामुळे नाही गेली."

"सही मी आधी केली."

"मीच म्हटलं होतं ना, तुझी आधी होऊ दे." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "त्याच्या आदल्या वर्षी गारपीट झाली होती, आठवतं? त्याच्या आधी सलग दोन वर्षं करपा. मी थकलो होतो. पहाटे उठून बागेत जायचं म्हटलं की मी कूस बदलून पडून राहायचो. विकून टाकावी असं मला तुझ्याआधी वाटत होतं. पण आप्पांच्या मागे मी विकली, असं व्हायला नको होतं. तू आलीस आणि मी सुटलो."

मी पेला बाजूला सारला.

"मी तुला सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "पण तू अपराध्यासारखी यायचीस, आणि मला ते सोयीचं व्हायचं. सात पिढ्या, सात पिढ्या म्हणत बसायचो. तुला लागतंय हे मला दिसायचं."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, तिथे त्या क्षणी मला त्याची दया नाही आली, रागच आला. वीस भाऊबिजा मी त्या घरात मान खाली घालून जेवले होते. माझे यजमान शेवटच्या आजारात म्हणाले होते, "माझ्यामुळे तुझं माहेर तुटलं." ते तसंच समजून गेले. मी खुर्ची मागे सारून उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली जिथे विहीर होती तिथे आता पोहण्याचा तलाव आहे, हे मला माहीत होतं, पण मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. एक बाई लहान मुलीला पोहायला शिकवत होती.

वहिनी मागून आल्या. म्हणाल्या, "ताई, मला माहीत होतं. मीही सांगितलं नाही. नवऱ्याची बाजू घेतली. आता काय शिक्षा द्यायची ती दोघांना मिळून द्या." मग त्यांचाच आवाज फुटला. मी त्यांना धरलं.

आत गेलो तर तासाभरात वाइन बदलली होती. मी वास घेतला. पाला गेला होता, पेन्सिल गेली होती. व्हिनेगरसारखी एक बारीक धार तेवढी उरली होती. दादाने विचारलं, "आता?"

"आता काही नाही," मी खरं ते सांगितलं.

"एवढंच असतं तिचं," तो म्हणाला. उरलेली आम्ही तिघांनी मिळून संपवली. वहिनी फुलपात्रातून एक घोट घेऊन म्हणाल्या, "ह्याच्यासाठी मी पंख्यात झोपले?" आणि आम्ही तिघंही हसलो, पण हसणं फार पुढे गेलं नाही.

दादा चैत्रात गेला. झोपेत, हृदय बंद पडून. त्या डिसेंबरापासून चैत्रापर्यंत मी दर रविवारी त्याच्याकडे जात होते. राग पुरता गेला होता असं म्हणता येणार नाही. पण आम्ही बोलत होतो. आप्पांचं, बागेचं, गारपिटीच्या त्या रात्रीचं. त्याला फ्रान्सला पत्र लिहायचं होतं, तुमची बाटली उघडली म्हणून, आणि तो रोज उद्यावर ढकलत राहिला. म्हातारा आता नसणार, पण घराणं असेलच, असं म्हणायचा.

तेराव्यानंतर मी ते पत्र लिहायला घेतलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी फ्रेंच शिकवते. मी मराठीत सांगितलं, तिने फ्रेंचमध्ये केलं. बाटलीवरच्या कागदावरचा पत्ता घातला. दादा कोण होता, किती साली तोडणीला आला होता, बाटली विहिरीत कशी ठेवली होती, आणि तो गेला, हे सगळं लिहिलं. पेन्सिलीचंही लिहिलं.

दीड महिन्याने ईमेल आला, म्हाताऱ्याच्या नातीचा. पत्र फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचलं होतं, कारण ती आता तिथे राहत नाही. ती एका शहरात दाताची डॉक्टर आहे. तिने लिहिलं होतं की आजोबा बाटली पाठवल्यानंतर तीन वर्षांनी गेले. पाच मुलं, पाच वाटे. दोघांना ठेवायची होती, तिघांना पैसे हवे होते. बाग एका विमा कंपनीने घेतली. पुढे तिने लिहिलं होतं, नाव तेच आहे, बुरूजही तोच आहे, वाइनही चांगली होते म्हणे, पण आमच्यापैकी कुणी तिथे नाही. माझ्या वडिलांनी सही केली, आणि नंतर त्यांनी त्या रस्त्याने कधी गाडी नेली नाही.

माझ्या विद्यार्थिनीने ते मला फोनवर वाचून दाखवलं. मी तिला परत वाचायला सांगितलं. हिशेब सरळ होता. आमची बाग गेली त्याच्या दहाएक वर्षं आधीच त्यांची गेली होती. दादा सात पिढ्यांचं जे म्हणत होता, ते म्हणत होता त्या सगळ्या काळात खरं नव्हतं.

मी ते घेऊन वहिनींकडे गेले. त्या डाळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. 

"हे आधी कळलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं ना?" मी विचारलं. "आपण एकटेच नाही, असं?"

"बरं?" वहिनी म्हणाल्या. "ताई, त्यांना या जगात कुणीतरी जमीन राखलीय असं वाटायचं, त्याच्यावर ते जगत होते. ते मला रात्री झोपताना त्या बागेचं सांगायचे. आज तिकडे छाटणी चालली असेल, आज तिकडे कोंब फुटले असतील. बरं झालं कळलं नाही."

मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. मला वाटतं, त्याला कळायला हवं होतं, आणि मलाही, वेळेत. पण वहिनींशी मी वाद घातला नाही. त्या परत डाळ निवडायला लागल्या. मी ताटाच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि माझ्याकडची डाळ निवडू लागले.